राजाचा प्याला भरणारा नोकर जगातल्या पहिल्या साम्राज्याचा मालक कसा झाला? सारगॉनची गोष्ट

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला अ‍ॅशमोलियन नावाचं म्युझियम आहे. तिथं मातीचा एक चौकोनी ठोकळा ठेवलाय. उंची साधारण २० सेंटीमीटर. चारही बाजूंनी बारीक खिळे टोचल्यासारख्या खुणा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी ओल्या मातीवर काडीने टाईमपास केलाय.

पण हा ठोकळा म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या राजवंशावळींपैकी एक आहे. आजच्या दक्षिण इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सुमेरमध्ये, इ.स.पू. १८०० च्या आसपास कुणा लेखनिकाने तो लिहिला. आकाशातून राज्यपद खाली उतरलं तेव्हापासून कुठल्या शहरात कोण राजा झाला आणि त्याने किती वर्षं राज्य केलं, याची ही यादी. अभ्यासक तिला सुमेरियन राजावली म्हणतात.

यादीची सुरुवात वाचली की डोकं गरगरतं. पहिला राजा एरिदू शहराचा अलुलिम. त्याची कारकीर्द २८,८०० वर्षं. त्याच्यासकट पहिल्या आठ राजांची बेरीज २,४१,२०० वर्षं. मग महापूर येतो, सगळं वाहून जातं आणि किश शहरात राज्यपद पुन्हा खाली उतरतं. आता आकडे जरा कमी होतात, पण तरी कुणी ९०० वर्षं, कुणी १,५०० वर्षं. जगप्रसिद्ध महाकाव्याचा नायक गिलगामेशही यात आहे. त्याच्या वाट्याला १२६ वर्षं आलीत.

अशी यादी खाली खाली सरकत जाते आणि एका जागी येऊन थांबावं लागतं. तिथं एका राजाची नोंद आहे. त्याचा बाप माळी होता. तो स्वतः किशच्या राजाला मद्याचा प्याला भरून द्यायचा. त्याने अक्कड नावाचं शहर वसवलं आणि ५६ वर्षं राज्य केलं. इतर प्रतींमध्ये ५५ आणि ५४ असेही आकडे आहेत. म्हणजे आकडा माणसाच्या आयुष्यात बसणारा आहे.

हा राजा म्हणजे सारगॉन. यादीतल्या दंतकथा आणि इतिहास यांच्या बरोब्बर सांध्यावर उभा असलेला माणूस. त्याने जे केलं त्याला जगातलं पहिलं साम्राज्य म्हटलं जातं. आणि गंमत म्हणजे, त्याचं जन्मनाव काय होतं हे आजपर्यंत कुणालाही कळलेलं नाही.

सारगॉनच्या आधी काय चाललं होतं?

युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांच्या मधला सपाट प्रदेश म्हणजे मेसोपोटेमिया. त्याच्या दक्षिण टोकाला सुमेर. पाऊस जवळपास नाहीच. शेती करायची तर नदीचं पाणी कालव्याने आणायचं. त्यामुळे ज्याच्या हातात कालवा, त्याच्या हातात धान्य आणि ज्याच्या हातात धान्य, त्याच्या हातात माणसं.

इथं एक देश, एक राजा असा प्रकार नव्हता. उर, उरुक, लगाश, उम्मा, किश, निप्पुर अशी शहरं होती. प्रत्येकाचा देव वेगळा, राजा वेगळा, तटबंदी वेगळी. लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी शहरं तर शिवेवरच्या एका सुपीक पट्ट्यासाठी आणि त्याच्या पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडत होती. बांधावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथं दोन्हीकडून सैन्य उतरायचं.

राजावली वाचताना मात्र असं वाटतं की एका वेळी एकच शहर राज्य करत होतं. एका शहराचा युद्धात पराभव झाला की राज्यपद दुसऱ्या शहराकडे गेलं, अशी तिची मांडणी आहे. प्रत्यक्षात यातले बरेच राजे एकाच काळात आपापल्या शहरात होते. लगाशच्या राजांना तर या यादीत जागाच नाही, जरी त्यांचे स्वतःचे शिलालेख ढिगाने सापडले असले तरी. यादी लिहिणाऱ्यांना हे दाखवायचं होतं की खरं राज्य एकच असतं आणि देव ते एका वेळी एकालाच देतात. नंतरच्या राजांना स्वतःची गादी पक्की करायला हा विचार फार कामाचा होता.

आणि तो विचार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जमिनीवर उतरवणारा माणूस सारगॉन.

टोपलीत सोडलेलं पोर

सारगॉनच्या जन्माची जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते, ती अशी. त्याची आई देवळातली मोठी पुजारीण होती. बाप कोण ते ठाऊक नाही. अझुपिरानू नावाच्या नदीकाठच्या गावी तिने गुपचूप बाळाला जन्म दिला. लव्हाळ्याची टोपली विणली, डांबराने तिची झाकणी बंद केली आणि टोपली युफ्रेटिसमध्ये सोडून दिली. अशा पुजारिणीला मूल होणं मान्य नव्हतं, म्हणून ही लपवाछपवी, असा अर्थ अभ्यासक लावतात.

टोपली वाहत वाहत अक्की नावाच्या पाणक्याजवळ पोचली. तो नदीतून पाणी उपसत होता. त्याने टोपली काढली, पोराला घरी नेलं, वाढवलं आणि बागेत माळीकामाला लावलं. पुढे देवी इश्तारचं त्याच्यावर मन बसलं आणि माळी राजा झाला.

हे वाचताना तुम्हाला कर्ण आठवला असेल. कुंतीने मेणाने बंद केलेली पेटी नदीत सोडली, अधिरथ आणि राधेने ते बाळ सांभाळलं. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतल्या मोझेसची गोष्टही अशीच, तिथंही टोपली आहे आणि डांबर आहे. ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ ऑटो रँक याने १९०९ साली नायकांच्या जन्मकथांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सारगॉन, मोझेस आणि कर्ण या तिघांना एकाच माळेत बसवलं होतं.

पण सारगॉनच्या या गोष्टीत एक गोची आहे. ती ज्या मातीच्या पाट्यांवर मिळाली, त्या निनेवे शहरातल्या असिरियन राजांच्या ग्रंथालयातल्या आहेत, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातल्या. सारगॉन होऊन गेला त्यानंतर सुमारे १,६०० वर्षांनी! इ.स.पू. आठव्या शतकात असिरियात सारगॉन दुसरा नावाचा राजा झाला. त्याने हे जुनं नाव मुद्दाम घेतलं होतं. त्याच्याच काळात नावाचा मान वाढवायला ही कथा रचली गेली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

मग खरं काय? राजावली म्हणते बाप माळी. एक सुमेरियन कथा बापाचं नाव लाइबुम सांगते. टोपलीची कथा म्हणते बापाचा पत्ता नाही. तिन्हींमध्ये एकच गोष्ट समान आहे. हा माणूस कुठल्याही राजाच्या पोटी जन्मलेला नव्हता.

स्वप्न, रक्ताची नदी आणि जीव घ्यायचा डाव

किशच्या राजाचं नाव होतं उर-झबाबा. राजावलीप्रमाणे त्याची आजी कुबाबा. ती आधी दारूचा गुत्ता चालवायची आणि मग किशची राजा झाली. राणी नव्हे, राजा. या अख्ख्या यादीत स्वतः राज्य केलेली ती एकमेव बाई आहे. म्हणजे उर-झबाबाचं घराणंही काही आभाळातून पडलेलं नव्हतं.

या राजाच्या पदरी सारगॉन प्याला भरायच्या कामावर होता. हे काम ऐकायला हलकं वाटतं, पण तसं नव्हतं. राजाच्या तोंडात काय जातं यावर ज्याची नजर, तो राजाच्या सगळ्यात विश्वासातला माणूस. विष द्यायचं तर यानेच आणि वाचवायचं तरी यानेच. दरबारातलं सगळं बोलणं त्याच्या कानावर पडायचं.

सुमेरियन भाषेतली एक जुनी कथा पुढचं सांगते. सारगॉनला स्वप्न पडलं. स्वप्नात देवी इनान्ना उर-झबाबाला रक्ताच्या नदीत बुडवत होती. स्वप्न राजाच्या कानावर गेलं आणि राजाची झोप उडाली. त्याने आपल्या मुख्य तांबटाशी संधान बांधलं. सारगॉन काशाचं सामान घेऊन भट्टीवर येईल, तेव्हा त्याला साच्यात ढकलून दे, असा तो डाव होता. पण इनान्नाने वाटेतच सारगॉनला अडवलं. पवित्र वास्तूत पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. सारगॉनने सामान दारातूनच दिलं आणि जीव वाचला.

मग उर-झबाबाने दुसरी युक्ती केली. मातीच्या पाटीवर निरोप लिहिला आणि तो उरुकच्या राजाकडे पोचवायला सारगॉनच्याच हातात दिला. निरोप होता हा माणूस आला की त्याला संपव, असा. स्वतःच्या मरणाचं पत्र स्वतःच घेऊन जाणारा निरोप्या! जैमिनी अश्वमेधातल्या चंद्रहासाची गोष्ट ज्यांनी ऐकलीय त्यांना पुढचा रस्ता अंदाजाने कळेल. सारगॉनच्या कथेची पाटी मात्र इथेच तुटलेली आहे. पुढचा भाग मिळत नाही.

कथेत कितीही मसाला असला तरी तिचा कणा इतिहासाशी जुळतो. किशच्या दरबारातला हा अधिकारी वर आला, राजा बाजूला पडला आणि याने स्वतःसाठी अक्कड हे नवीन ठाणं उभं केलं. त्यानंतर त्याने नाव घेतलं शर्रुकिन. अक्कडी भाषेत त्याचा अर्थ होतो खरा राजा, हक्काचा राजा. सारगॉन हा त्याच नावाचा बायबलमधून आलेला उच्चार. ज्याच्या गादीवरच्या हक्काबद्दल कुणी शंका घेणार नाही, त्याला असं नाव घ्यावं लागत नाही. सारगॉनला ते घ्यावं लागलं.

उरुकच्या भिंती पडल्या

तेव्हा सुमेरमध्ये सगळ्यात ताकदवान माणूस होता लुगलझागेसी. मूळचा उम्माचा. त्याने लगाशवर हल्ला करून देवळं जाळली होती, लुटली होती. मग उरुक घेतलं आणि तिथून जवळपास सगळ्या सुमेरवर वचक बसवला. खालच्या समुद्रापासून वरच्या समुद्रापर्यंत, म्हणजे पर्शियन आखातापासून भूमध्य समुद्रापर्यंत आपला दरारा आहे असा त्याचा दावा होता.

सारगॉन थेट त्याच्यावरच चालून गेला. उरुक पडलं. सारगॉनने शहराची तटबंदी पाडून टाकली. लुगलझागेसीच्या बाजूने ५० नगरप्रमुख लढायला उतरले होते, तेही हरले. लुगलझागेसी जिवंत हाती लागला. सारगॉनने त्याच्या मानेत खोडा अडकवला आणि निप्पुरला एन्लिलच्या देवळाच्या दारात नेऊन उभा केला.

निप्पुरच का? कारण एन्लिल हा सुमेरी देवांचा मुख्य. राज्यपद देणारा तो, काढून घेणाराही तो, अशी लोकांची श्रद्धा. हरलेल्या राजाला त्याच्या दारात उभं करणं म्हणजे अख्ख्या सुमेरला दाखवणं की देवाने माणूस बदललाय.

त्यानंतर उर, मग लगाशचा मुलूख, मग उम्मा. प्रत्येक ठिकाणी तीच पद्धत. शहर जिंकायचं आणि भिंती पाडायच्या. आखातापर्यंत पोचल्यावर त्याच्या सैन्याने समुद्राच्या पाण्यात शस्त्रं धुतली. सारगॉनच्या लेखांमध्ये एकूण ३४ लढायांचा उल्लेख आहे.

दक्षिण हातात आल्यावर तो पूर्वेला एलामवर, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य इराणवर गेला. वायव्येला युफ्रेटिसच्या काठाने वर सरकत मारी, एब्ला आणि पार देवदाराच्या जंगलापर्यंत पोचल्याचं त्याचे लेख सांगतात. वाटेत तुत्तुल इथं त्याने दागान या तिकडच्या देवासमोर डोकं टेकवलं आणि पुढचा मुलूख दागाननेच दिला असं जाहीर केलं. सुमेरमध्ये एन्लिल, सीरियात दागान. ज्या प्रदेशात राज्य करायचं, तिथल्या देवाची परवानगी घ्यायची, हे गणित त्याला नीट कळलं होतं.

हे सगळं कळतं ते एका योगायोगाने. सारगॉनने निप्पुरच्या देवळात स्वतःचे पुतळे आणि लेख बसवले होते. काही शतकांनी तिथल्या लेखनिकांनी ते मातीच्या पाट्यांवर जसेच्या तसे उतरवून घेतले. मूळ पुतळे गेले, नकला राहिल्या.

जिंकणं सोपं, चालवणं अवघड

शहरं जिंकणारे राजे सारगॉनच्या आधीही झाले होते. पण ते शहर जिंकायचे, खंडणी घ्यायचे आणि घरी जायचे. मागे तोच जुना राजा किंवा त्याचा भाऊबंद. दोन वर्षांनी पुन्हा बंड.

सारगॉनने जिंकलेल्या ठिकाणी आपली माणसं बसवली. अक्कडचे हे लोक प्रशासक म्हणून शहराशहरांत गेले. दुसरं म्हणजे भाषा. सुमेरी भाषेचं जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेशी नातं जुळत नाही. सारगॉनची अक्कडी भाषा मात्र अरबी आणि हिब्रूच्या कुळातली. त्याच्या काळापासून राज्यकारभारात अक्कडी आली. लिपी सुमेरींचीच ठेवली, तिच्यात भाषा आपली भरली. काही लेख दोन्ही भाषांत कोरले. ही अक्कडी पुढे इतकी पसरली की हजार वर्षांनंतर इजिप्तचे फॅरो परदेशी राजांशी याच भाषेत पत्रव्यवहार करत होते.

तिसरी गोष्ट सैन्य. सारगॉनच्या लेखात म्हटलंय की ५,४०० माणसं रोज त्याच्यासमोर जेवायला बसायची. काही अभ्यासक याला जगातली पहिली खडी फौज मानतात, काही म्हणतात यात दरबारी आणि कामकरीही असतील. काहीही असो, ५,४०० लोकांना रोज जेवू घालायचं तर धान्य किती लागत असेल, ते गोळा कोण करत असेल, मोजत कोण असेल आणि लिहून कोण ठेवत असेल, याचा विचार केला की या राज्याचा आवाका लक्षात येतो. आणि ते धान्य कुणाच्या शेतातून येत होतं हेही. जिंकलेल्या शहरांच्या.

अक्कडच्या धक्क्यावर मेलुहाची जहाजं

सारगॉनने आपल्या लेखांत आणखी एका गोष्टीचा अभिमान मिरवलाय. अक्कडच्या धक्क्याला तीन ठिकाणची जहाजं लागायची. दिलमुन, मगान आणि मेलुहा. दिलमुन म्हणजे आजच्या बहारीनचा परिसर. मगान म्हणजे ओमानच्या बाजूचा प्रदेश, तिथून तांबं यायचं. आणि मेलुहा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू संस्कृतीचा प्रदेश.

हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल ही शहरं तेव्हा भरात होती. सिंधू पद्धतीचे मुद्रांक आणि कार्नेलियन म्हणजे लालसर अकीक दगडाचे मणी मेसोपोटेमियात उत्खननात मिळालेत. उरच्या थडग्यांमध्ये असे मणी आहेत. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये अक्कडी काळातला एक दंडगोल मुद्रांक आहे. त्याच्या मालकाचं नाव शु-इलिशू आणि धंदा मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. म्हणजे व्यापार इतका होता की त्यासाठी भाषांतर करणारा माणूस लागत होता. सिंधू लिपी आज कुणालाच वाचता येत नाही. पण साधारण ४,२०० वर्षांपूर्वी ती भाषा समजणारा निदान एक माणूस तिकडे पोट भरत होता.

लेक, जिचं नाव टिकलं

सारगॉनने राज्य बांधायला आपल्या मुलीलाही पुढे केलं. तिचं नाव एन्हेदुआन्ना. त्याने तिला उर शहरात चंद्रदेव नन्नाची मुख्य पुजारीण म्हणून नेमलं. हे पद म्हणजे निव्वळ पूजाअर्चा नव्हती. देवळाकडे जमिनी होत्या, गुरंढोरं होती, माणसं होती. सुमेरच्या एका जुन्या आणि मानी शहरात अक्कडच्या राजाची मुलगी सर्वोच्च धार्मिक पदावर बसली, हा राजकीय डाव होता.

पण एन्हेदुआन्ना बापाचा मोहरा म्हणून संपली नाही. देवी इनान्नावरची स्तोत्रं आणि सुमेर-अक्कडच्या देवळांवरची ४२ सूक्तं तिच्या नावावर आहेत. या रचना पूर्णपणे तिच्याच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. तरी जगाच्या इतिहासात नावानिशी ओळखली जाणारी पहिली लेखिका, खरं तर पहिला लेखकच, म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. लिओनार्ड वूली यांना १९२७ साली उरच्या उत्खननात एक गोल दगडी चकती मिळाली. तिच्यावर एन्हेदुआन्नाचं चित्र आहे आणि मागे ती सारगॉनची मुलगी असल्याचा लेख.

तिच्या रचनेत एक दुखरी गोष्टही येते. लुगल-अने नावाच्या बंडखोराने तिला उरमधून हाकलून दिलं होतं. ही घटना सारगॉनच्या नातवाच्या काळातली मानली जाते. म्हणजे सारगॉनने लावलेलं बी त्याच्यामागे दोन पिढ्या झाल्या तरी उरच्या मातीत पूर्ण रुजलं नव्हतं.

म्हातारा राजा आणि चहूबाजूंनी बंड

सारगॉनची कारकीर्द साधारणपणे इ.स.पू. २३३४ ते २२७९ अशी धरली जाते. त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल नंतरच्या बॅबिलोनी बखरीत जे लिहिलंय ते विजयाचं नाही.

तो म्हातारा झाल्यावर सगळे मुलूख एकदम उठले. बंडखोरांनी त्याला त्याच्याच अक्कडमध्ये कोंडलं. म्हातारा बाहेर पडला, लढला आणि त्यांना पिटाळून लावलं. पण त्याच बखरीत पुढे येतं की सारगॉनने बॅबिलोनची माती खणून नेली आणि अक्कडजवळ दुसरं बॅबिलोन उभं केलं. त्यामुळे देव मर्दुक कोपला, दुष्काळाने लोक मेले, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत बंडं झाली आणि सारगॉनला शेवटी झोप मिळाली नाही.

ही बखर बॅबिलोनच्या लोकांची, त्यामुळे मर्दुकाचा कोप त्यांनी घातला यात नवल नाही. पण बंडं खरी होती. सारगॉन गेल्यावर मुलगा रिमुश गादीवर आला आणि त्याला पहिलं काम करावं लागलं ते सुमेरी शहरांची बंडं चिरडण्याचं. त्याच्या लेखांत मारलेल्या आणि पकडलेल्या माणसांचे आकडे हजारांत आहेत. रिमुशला पुढे त्याच्याच दरबारातल्या लोकांनी ठार मारलं, असं शकुनांच्या जुन्या ग्रंथांत नोंदवलंय.

नंतर दुसरा मुलगा मनिश्तुशू आणि मग नातू नराम-सिन. नराम-सिनने राज्य शिखरावर नेलं आणि स्वतःला देव जाहीर केलं. हे सारगॉनने कधी केलं नव्हतं. त्यानंतर उतरण लागली. झाग्रोस डोंगरातले गुती लोक खाली उतरले. शहरं एकेक करून सुटत गेली. त्याच सुमारास पाऊसमान घटून मोठा दुष्काळ पडला आणि उत्तरेकडची धान्याची कोठारं ओस पडली, असा सिद्धांत अमेरिकन पुरातत्त्वज्ञ हार्वी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडला. त्यावर आजही चर्चा चालू आहे.

राजावलीत हा काळ फार वेगळ्या पद्धतीने येतो. एरवी थंडपणे नाव आणि वर्षं सांगणारी यादी इथं अचानक विचारते की राजा नक्की कोण होता आणि कोण नव्हता. मग चार नावं येतात, चौघांची मिळून कारकीर्द फक्त तीन वर्षं. सारगॉनपासून शेवटच्या राजापर्यंत अक्कडचे ११ राजे आणि १८१ वर्षं, असा हिशोब करून यादी पुढच्या शहराकडे जाते.

मेल्यानंतरचा सारगॉन

सारगॉनचं राज्य संपलं, पण त्याची गोष्ट थांबली नाही. इजिप्तमध्ये अमार्ना इथं त्याची एक कथा सापडली आहे. अडचणीत आलेल्या व्यापाऱ्यांच्या हाकेला धावून तो आजच्या तुर्कस्तानातल्या दूरच्या शहरावर चालून जातो, अशी ती कथा. इ.स.पू. चौदाव्या शतकात, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे ९०० वर्षांनी, परक्या देशात ती वाचली जात होती. यकृत पाहून शकुन सांगणारे बॅबिलोनी पुरोहित एखादी खूण दिसली की ही सारगॉनच्या वेळची खूण असं सांगायचे. ती दिसली की राजा जिंकणार, असा अर्थ.

याच्या उलट अक्कड शहराचं झालं. ज्या शहराच्या धक्क्याला सिंधूची जहाजं लागायची, ते शहर आजपर्यंत सापडलेलं नाही. टायग्रिसच्या काठी, आजच्या बगदादच्या आसपास किंवा त्याच्या उत्तरेला ते असावं असे अंदाज आहेत. १९३१ साली निनेवेला तांब्याचं एक देखणं शिर मिळालं. डोळा मुद्दाम फोडलेला, कान छाटलेले. बरीच वर्षं ते सारगॉनचं म्हणून पुस्तकांत छापलं गेलं. आता बरेच अभ्यासक ते त्याच्या नातवाचं किंवा दुसऱ्या वंशजाचं मानतात. म्हणजे त्याचा चेहराही खात्रीने हाती नाही.

बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिडस याला जुन्या देवळांचे पाये खणायची आवड होती. त्याची कारकीर्द इ.स.पू. ५५६ ते ५३९. सिप्पर शहरात सूर्यदेवाच्या देवळाचा पाया खणताना त्याच्या माणसांना एक पुतळा सापडला. अर्धं डोकं फुटलेलं होतं. पुतळा सारगॉनचा असल्याचं कळल्यावर नबोनिडसने कारागीर बोलावले, डोकं दुरुस्त करून घेतलं, पुतळा परत देवळात बसवला आणि त्याला नैवेद्य चालू केला. तेव्हा सारगॉनला जाऊन १,७०० वर्षं झाली होती.

तो पुतळा पुढे कुठं गेला ते कळत नाही. माळ्याच्या पोराची नोंद असलेला मातीचा ठोकळा मात्र ऑक्सफर्डला आहे. महापुराआधीच्या हजारो वर्षं जगलेल्या राजांच्या रांगेत, त्यांच्याच लिपीत आणि त्यांच्याइतक्याच आकाराच्या अक्षरांत.